शब्द कळला, अर्थ मात्र भलताच निघाला: बोलीतील फसव्या ओळखीबद्दल

नवी पाहुणी:

नमस्कार. माझे सारे शिक्षण पुण्यात झाले आणि घरीही पाठ्यपुस्तकाला शोभेल अशीच मराठी बोलली जाते. गेल्या पावसाळ्यापासून मी अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी डॉक्टर म्हणून काम करते आहे. इथे येण्यापूर्वी भाषेची अडचण येईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते, कारण मराठी माणसाला महाराष्ट्रातच दुभाषी लागावा ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटली असती.

पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी बाजारातून 'सांभार' आणायला सांगितला आणि मी सांबार मसाल्याचे पाकीट घेऊन आले. त्यांना कोथिंबीर हवी होती. सगळे पोटभर हसले, मी एक शब्द शिकले आणि विषय संपला. अशा शब्दांची मला आता भीती वाटत नाही.

भीती वाटते ती दुसऱ्याच प्रकाराची. एका रात्री एका आजींचा फोन आला: 'बाई, डोया लय दुखून राह्यला.' मी 'डोया' म्हणजे 'डोई' असे धरून चालले. ताप आहे का, उलटी झाली का, मान आखडली आहे का, असे सारे प्रश्न विचारले, डोकेदुखीची साधी गोळी घ्यायला सांगितली आणि सकाळी दाखवायला या म्हटले. सकाळी आजी आल्या त्या लालभडक डोळ्यावर ओला रुमाल धरून. सुदैवाने बुबुळाला इजा झालेली नव्हती. तरी ती रात्र त्यांनी विनाकारण सोसली आणि चूक पूर्णपणे माझी होती.

दुसरा प्रसंग एका रुग्णाच्या मुलाचा. 'बाबा नागपूरच्या दवाखान्यात जाऊन राह्यले,' असे त्याने कळवले. वडील तिथे दाखल झाले असे समजून मी त्यांची आमच्याकडची दुसऱ्या दिवशीची तपासणी रद्द केली. वडील तेव्हा बसस्थानकावर गाडीची वाट पाहत होते आणि तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी परत येणार होते.

माझा प्रश्न असा आहे की, जे शब्द आपल्याला येत नाहीत ते आपण विचारून घेतो, पण जे येतात असे वाटते ते कसे विचारायचे? हे फक्त वऱ्हाडीतच घडते, की इतर बोलींतही असे सापळे आहेत?


पूर्णाकाठचा मास्तर:

डॉक्टरबाई, तुमचा प्रश्न मनापासून आवडला, कारण बहुतेक लोक या विषयावर शब्दांच्या याद्या करतात आणि मूळ अडचण तशीच राहते. मी अकोला जिल्ह्यातच मराठी शिकवण्यात उभा जन्म घालवला आहे, तेव्हा आजींच्या वाक्याचे शवविच्छेदन मला करू द्या.

आमच्याकडे 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो. काळा तो काया, फळ ते फय, गोळ्या त्या गोया आणि डोळा तो डोया. हा नियम एकदा कानात बसला की निम्म्या अडचणी तिथेच मिटतात. (पूर्वेला भंडारा, गोंदियाकडे झाडीबोलीत गेलात, तर त्याच 'ळ'चा 'र' झालेला ऐकू येईल. तिथे बदली झाली तर सगळे नव्याने सुरू.) मात्र आजींनी तुम्हाला आणखी एक खूण दिली होती आणि ती प्रमाण मराठीतलीच होती. 'डोई' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. डोके दुखत असते आणि त्यांना हाच शब्द वापरायचा असता, तर त्या 'डोई दुखून राह्यली' म्हणाल्या असत्या. त्या 'राह्यला' म्हणाल्या. म्हणजे दुखणारा अवयव पुल्लिंगी होता, हे वाक्याच्या शेवटी स्पष्ट झाले होते. पण तोवर तुमच्या मनाने निदान करून टाकले होते. रागावू नका, आमच्या शाळेतही नवे शिक्षक हेच करतात. पोरगा वाक्य संपवेपर्यंत थांबायचे, एवढे त्यांना शिकवताना माझी वर्षे गेली.

आता 'जाऊन राह्यले'. पुण्याच्या कानाला 'जाऊन' हे पूर्ण झालेले काम वाटते आणि 'राहिले' म्हणजे मुक्काम केला. आमच्याकडे या जोडीचा अर्थ सरळ 'जात आहेत' असा होतो. 'मी जेवून राह्यलो' म्हणजे ताट अजून पुढ्यात आहे. हिंदीतल्या 'जा रहा हूँ'ची ठेवण यात उघड दिसते आणि त्याला इतिहास आहे. वऱ्हाड १८५३मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३पासून त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६पर्यंत अकोला-अमरावती हे जिल्हे ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. कचेरी, रेल्वे, बाजार या सगळ्या ठिकाणी मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी बसत आल्या. एवढ्या शेजारात भांडीकुंडी इकडची तिकडे होणारच.

म्हणून आमची मराठी 'बिघडलेली' आहे असे कुणी म्हटले की मी त्याला अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे नाव सांगतो. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचे लीळाचरित्र, तेराव्या शतकात आकाराला आला तो या वऱ्हाडच्या मातीत. मराठी भाषेचे विद्यापीठही आता तिथेच निघाले आहे. ज्या प्रदेशाने मराठीला गद्य लिहायला शिकवले, त्याच्या बोलीला अशुद्ध ठरवताना माणसाने निदान थोडे चाचरावे.


कुडाळकरीण:

मास्तरांचे विवेचन वाचून मला आमच्या घरातील गोंधळाचे कारण प्रथमच नीट कळले. माझे सासर पुण्याचे आणि माहेर कुडाळचे. लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती स्वयंपाकघरातून हाक मारून म्हणाली, 'वायच रव (जरा थांब), मी येतंय.' माझे सासरे वर्तमानपत्र खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, 'काय येतंय?' त्यांच्या मराठीत 'येतंय' हे मांजराचे पिल्लू किंवा वादळ अशा नपुंसकलिंगी गोष्टींबद्दल म्हणायचे. मालवणीत मात्र 'मी येतंय', 'मी सांगतंय' हे प्रथमपुरुषी रूप आहे आणि ते बाई-पुरुष दोघेही बेलाशक वापरतात. 'मी इलंय' म्हणजे 'मी आले आहे'. पहिल्या दोन दिवसांत सासऱ्यांची अशी समजूत झाली होती की, विहीणबाई स्वतःबद्दल एखाद्या वस्तूसारखे बोलतात आणि हा बहुधा कोकणातला विनयाचा प्रकार असावा.

'माका' (मला), 'तुका' (तुला), 'खंय' (कुठे), 'थंय' (तिथे) यांची अडचण कधीच आली नाही. ते शब्द उघडच परके वाटतात आणि गोव्याच्या कोंकणीशी त्यांचे नाते असल्याने ऐकणारा आधीच सावध होतो. फसवतो तो 'झील'. आईने शेजारणीला 'माझो झील मुंबयत आसा' असे सांगितले. त्या बाई संगीतप्रेमी होत्या; त्यांना 'झील ओढणे' माहीत होते. माझा भाऊ मुंबईत कुणा गायकाच्या मागे सूर धरतो, असे त्या पुढे वर्षभर समजून चालल्या होत्या. तो बँकेत आहे. मालवणीत झील म्हणजे मुलगा, एवढेच.

अशी ही बोली थट्टेचा विषय नसून अभ्यासाचा आहे, हे विद्वानांनी फार पूर्वी ओळखले होते. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठीच्या बोलींची जी पाहणी केली, तिच्यात आमच्या कुडाळीवर, म्हणजे कुडाळकडच्या बोलीवर, एक संपूर्ण पुस्तक आहे.


धुळ्याचा इंजिनिअर:

कुडाळकरीणताई, तुमच्या सासऱ्यांना आमच्याकडे पाठवा. 'पाव्हना वनात' असे ऐकल्यावर ते काठी आणि कंदील घेऊन जंगलाकडे निघतील. अहिराणीत 'वना' म्हणजे आला आणि 'वनात' म्हणजे आले. पाहुणे ओसरीवर बसून चहा पीत असतात.

डॉक्टरांनी विचारलेला सापळा अहिराणीत पावलोपावली आहे. 'मना' म्हणजे माझा. त्याचा मनाशी किंवा मनाईशी संबंध नाही. 'मी जास, तू जास, तो जास' असे तिन्ही पुरुषांत एकच रूप चालते. त्यामुळे कर्ता गाळून नुसते 'जास' म्हटले, तर कोण जातो हे प्रसंगावरूनच ओळखावे लागते, आणि खान्देशी माणूस कर्ता गाळण्यात पटाईत आहे. 'आहे'च्या जागी आम्ही 'शे' म्हणतो, ते ऐकून पुण्यातील माझ्या एका सहकाऱ्याने मला गुजराती ठरवले होते. त्याला मी फारसा दोष देत नाही. इंग्रजी अमदानीतील भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीचा खंड १९०५मध्ये निघाला, पण खान्देशीला (आमची अहिराणी तिच्यातच धरतात) त्यात जागा मिळाली नाही. ती १९०७च्या खंडात भिल्ली भाषांबरोबर गेली. २०११च्या जनगणनेतही खान्देशीची गणना मराठीहून वेगळी झाली आहे आणि तो आकडा १८ लाखांच्या वर आहे. म्हणजे 'एकच भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे का कळत नाही' या प्रश्नाला आमच्याबाबतीत एक उत्तर असेही आहे की, भाषा एकच आहे की नाही, यावरच शंभर वर्षांहून अधिक काळ एकमत नाही. मी स्वतः शाळेत मराठी आणि ओसरीवर अहिराणी शिकलो आणि या दोन्ही माझ्याच आहेत. खंडांची वाटणी करणाऱ्यांनी मला विचारले नव्हते.

जाता जाता एक दुरुस्ती. बहिणाबाई चौधरींच्या कवितेची भाषा अहिराणी आहे, असे लोक सर्रास लिहितात. ती जळगावकडची लेवा समाजाची बोली आहे. एका खान्देशात दोन बोली नांदू शकतात, हे बाहेरच्यांना पटवताना आमचा घसा कोरडा पडतो.

आणि हो, आमच्या घरी 'दादर संपनी' असे कुणी म्हटले, तर मुंबईतील स्थानकाची काळजी करू नये. दादर ही रब्बीची ज्वारी आहे आणि तिच्या भाकरीला तोड नाही.


रंकाळ्याची पोर:

मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडच्या मुली 'मी आलो', 'मी जातो' असे सर्रास म्हणतात. नागपूरच्या वसतिगृहात पहिल्या रात्री दार वाजवून 'उघड की, मीच आलोय' असे म्हटले, तेव्हा खोलीतील मुलीने आधी वॉर्डनबाईंना फोन केला आणि मग दार उघडले. आवाज बाईचा आणि क्रियापद पुरुषाचे, यामुळे आपण जास्तच घाबरलो, असे तिने नंतर कबूल केले. शिवाय तो 'की'. कोल्हापूर-बेळगावकडे 'ये की', 'बस की' यात आर्जव असते. तिला तो प्रश्न वाटला आणि 'उघडू की काय करू' असा पर्याय मी देते आहे, असे तिने धरले.

मास्तरांना एक विचारायचे आहे. बोली ही ज्याची त्याची असते हे मान्य, पण दवाखाना, न्यायालय, पोलीस ठाणे अशा ठिकाणी गैरसमज परवडत नाही. तिथे लोकांनी प्रमाण मराठी बोलावे, ही अपेक्षा खरोखर चूक आहे का?


पूर्णाकाठचा मास्तर:

बाळा, अपेक्षा चूक नाही, पण ती चुकीच्या माणसाकडून केली जाते. रात्री डोळा ठणकत असताना सत्तरीच्या म्हातारीने 'ळ'चा उच्चार सुधारावा, यापेक्षा पगार घेणाऱ्या माणसाने महिनाभर कान देऊन ऐकावे, हे अधिक स्वस्त पडते. बदलीच्या आदेशासोबत त्या जिल्ह्याच्या बोलीतले पन्नास-साठ फसवे शब्द आणि क्रियापदांची चार रूपे छापून दिली, तर सरकारचा कितीसा कागद खर्च होईल?

तोवर डॉक्टरबाईंनी एक करावे. 'तुम्हाला काय म्हणायचे आहे?' असे विचारू नये. माणूस तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणतो. आपण काय समजलो ते सांगावे: 'म्हणजे डोके दुखते आहे ना?' चूक असेल, तर समोरचा तत्काळ दुरुस्त करतो. दुसऱ्याची चूक सुधारायला वऱ्हाडी माणसाला निमंत्रण लागत नाही.


नवी पाहुणी:

सर्वांचे आभार. 'राह्यला' आणि 'राह्यली' हा फरक मी टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवला आहे. मास्तरांनी सुचवलेली युक्तीही आठवडाभर वापरली. नोंदी लिहायला थोडा वेळ जास्त लागतो, पण आतापर्यंत तीन ठिकाणी मी भलतेच समजले होते, हे तिथल्या तिथे उघड झाले.

काल एक आजोबा आले. कानाच्या मागे हात धरून बसले होते, पण रुमाल मात्र डोळ्यावर होता. मी सारे धैर्य एकवटून विचारले, 'आजोबा, डोया दुखून राह्यला का?' त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, सरळ होऊन बसले आणि शाळेत कविता म्हणावी तसे एकेक अक्षर सुटे करून म्हणाले, 'नाही मॅडम. डोळा ठीक आहे. माझा कान दुखत आहे.' त्यातला 'ळ' इतका लखलखीत होता की, तसा मी पुण्यातही क्वचितच ऐकला असेल.