एकट्यापुरतं खासगी विकी कुठं ठेवायचं?

खानापूरकर:
शेताचे पहाणी उतारे कन्नडात, आजोबांचे कागद मोडीत, माझ्या टिपा मराठीत. सगळं एका विकीत, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांच्या वहीत, बांधायचंय. वाचणारा-लिहिणारा मी एकटाच. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर मीडियाविकी बसवून बघितलं, तर डेटाबेस सांभाळण्यातच जीव गेला. घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं, तर पावसाळ्यात आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही.

निपाणीचा पोरगा:
काका, एकट्या माणसाला मीडियाविकी म्हणजे कपभर चहाला लग्नातलं पातेलं. भाड्याच्या स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या जागेत, डोकूविकी हे हलकं विकी सॉफ्टवेअर टाका. सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते, डेटाबेस नाही. पानं साध्या टेक्स्ट फायलींत राहतात. बसवताना ‘बंद विकी’ निवडा, लॉगिनशिवाय वाचताही येत नाही. बॅकअप म्हणजे फोल्डरची कॉपी.

खानापूरकर:
बसवलं, बाळा. पण ‘मलप्रभेकाठच्या शेताची आजोबांनी केलेली वाटणी’ हे पान काही सेव्ह होईना.

टिळकवाडी:
नाव लांब झालंय. डोकूविकी फाईलच्या नावात देवनागरीच्या एकेका अक्षराची ९ चिन्हं करतं, काना-मात्रेचीसुद्धा. सर्व्हरवर एका फाईलनावाची मर्यादा बहुधा २५५ची. सेटिंगमध्ये फाईलनावं यूटीएफ-८ (अक्षरं थेट साठवायची पद्धत) करा, म्हणजे एकेका अक्षराची जागा ९वरून ३ बाइटवर येते. आधीची पानं असतील तर त्यांची नावं बदलावी लागतील.

खानापूरकर:
दोनच होती. झालं!