मेलबर्न: आई-बाबांबरोबर एकच दिवस, काय काय बघावं?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ऑस्ट्रेलियाला जाते आहे. बाकी मुक्काम भावाकडे ॲडलेडला, मेलबर्नसाठी फक्त एक गुरुवार हातात आहे. हॉटेल फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनजवळ घेतलंय.

बाबा ७१ वर्षांचे. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतात, पण गुडघ्यांमुळे जिना नको वाटतो. आईचा गुरुवारचा उपास असतो आणि तो ती कुठेही मोडत नाही.

बाबांची मागणी एकच, एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. आम्ही संगमनेर तालुक्यातले, अजिंक्य रहाणेचं आश्वी खुर्द आमच्या शेजारचं. २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत सगळा संघ गारद झाला आणि पुढच्याच कसोटीत रहाणेने मेलबर्नला ११२ काढले. बाबा रोज पहाटे पाचला टीव्हीसमोर बसत होते. ते मैदान त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचंय. बाकी दिवसात काय बसवू? ग्रेट ओशन रोड, म्हणजे तो समुद्रकाठचा रस्ता, चुकवू नका असंही बरेच जण सांगतात.

सह्यभटक्या

मी तर ग्रेट ओशन रोडच म्हणेन. समुद्रात उभे असलेले ते चुनखडीचे सुळके, ट्वेल्व्ह अपॉसल्स, आयुष्यात एकदा बघावेत असे आहेत. पहाटे निघालात तर रात्रीपर्यंत परत येता येतं.

यारा_काठची

सह्यभटक्या, ती जागा सुंदरच आहे, पण या तिघांसाठी नको. एका बाजूलाच तीन-चार तास लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसभर गाडीत बसवायचं आणि ज्या मैदानासाठी ते एवढ्या लांब आले तेच राहून जायचं, हे काही बरं नाही.

प्रवराकाठ, मी इथे ११ वर्षं राहते आणि दर वर्षी कुणा ना कुणाचे आई-वडील फिरवते. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं चालण्याने थकत नाहीत, उभं राहून थकतात. म्हणून दिवस असा आखा की प्रत्येक ठिकाणी बसायला मिळेल.

सगळ्यात आधी एमसीजीचं बघा. मैदानाची टूर साधारण सव्वा तासाची असते, पण सामना असेल त्या दिवशी नसते. एप्रिलमध्ये तिथे फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, हंगाम चालू असतो आणि गुरुवारी रात्रीही सामने होतात. तुमच्या तारखेला सामना नाही ना, ते आजच बघा आणि दुपारची वेळ घ्या. तिकीट काढतानाच बाबांच्या गुडघ्यांचं सांगून ठेवा, म्हणजे लिफ्टने नेतील.

सकाळी क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. १८७८ पासूनचा बाजार आहे, सहालाच उघडतो. गुरुवार मिळालाय हे तुमचं नशीब, कारण सोमवारी आणि बुधवारी तो बंद असतो. मी पहिल्या वर्षी सासूबाईंना बुधवारी घेऊन गेले होते. त्या रिकामी पिशवी हातात धरून बंद बाजाराकडे बघत राहिल्या, तो चेहरा अजून आठवतो. तिथे एका जुन्या गाडीवर गरम जॅम डोनट मिळतात. साखरेत घोळवलेले, हाताला चटका बसेल इतके गरम. पहिला घास जपून घ्या, आतला जॅम जिभेला भाजतो.

बाजारापासून स्टेट लायब्ररी दहा-बारा मिनिटं चालत, ती दहाला उघडते. आत १९१३ मधलं घुमटाखालचं अष्टकोनी वाचनालय आहे. मधोमध उंच बैठक आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली लाकडी टेबलं. बाबांना तिथे खुर्चीत बसू द्या, अर्धा तास काहीही करू नका. नेड केली या दरोडेखोराचं चिलखतही याच इमारतीत आहे, नांगराच्या फाळांपासून बनवलेलं. प्रवेश फुकट, स्वच्छतागृहंही चांगली.

ट्रामबद्दल. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, तिकीट नको, कार्ड टेकवायचं नाही. सगळे पर्यटकांना ३५ नंबरची जुनी लाकडी ट्राम सुचवतात. ती देखणी आहे, पण तिची पायरी उंच आहे. बाबांसाठी स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या नव्या, फलाटाच्या पातळीत दार उघडणाऱ्या ट्राम घ्या. पायऱ्यांची आली तर सोडून द्या, मागून दुसरी येतेच. लायब्ररीपासून अशा ट्रामने थेट फ्लिंडर्स स्ट्रीट, म्हणजे तुमच्या हॉटेलपाशी. तिथे जेवा, तासभर पडा. मग एमसीजीला टॅक्सीने. नदीकाठाने चालतही जाता येतं, पण ती ताकद आतल्या फेरीसाठी राखून ठेवा. एमसीजी फुकट ट्रामच्या हद्दीबाहेर आहे, हेही लक्षात असू द्या.

वेळ उरला तर सेंट किल्डा रोडवरचं एनजीव्ही (नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया) हे कलादालन, पाचला बंद होतं. दारातच काचेवरून पाणी वाहत असतं, त्याला हात लावून आत जायचं. मागच्या मोठ्या दालनाचं अख्खं छत रंगीत काचांचं आहे, लेनर्ड फ्रेंच यांनी केलेलं. लोक खाली गालिच्यावर आडवे होऊन ते बघतात. तुम्हीही व्हा, कुणी काही म्हणत नाही.

आणि स्वेटर हवाच. सकाळचं ऊन बघून पातळ कपड्यांत निघालात तर दुपारी कुडकुडाल. एप्रिलमध्ये सहालाच अंधारतं.

दत्तदास

काकूंच्या उपासाचं मी सांगतो. बाजारात केळी, द्राक्षं, खजूर, बदाम आणि दुग्धविभागात चांगलं दही मिळेल. हॉटेलच्या खोलीत शेगडी असेल तर सकाळीच साबुदाण्याची खिचडी करून डबा बरोबर घ्या. साबुदाणा इथल्या भारतीय दुकानांत सहज मिळतो, घरून आणू नका. विमानात भरायच्या प्रवासी कार्डावर खाण्याचे पदार्थ बरोबर असल्याचं जाहीर करावं लागतं. पेढे, तूप असले दुधाचे पदार्थ तर आणूच नका, विमानतळावर काढून घेतात आणि जाहीर केलं नसेल तर दंडही होऊ शकतो.

गोदावरीपुत्र

बाबांना १९८१ ची फेब्रुवारीतली मेलबर्नची कसोटीही आठवत असेल. ऑस्ट्रेलियाला फक्त १४३ हवे होते, ८३ त गुंडाळले. दुखऱ्या पायाने कपिलने २८ धावांत पाच बळी घेतले. मी तेव्हा नाशिकला शाळेत होतो, रेडिओला कान लावून बसलो होतो. स्टँडमध्ये बसल्यावर त्यांना विचारा, ते बोलत सुटतील.

प्रवराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परवाच परत आलो. त्या दिवशी सामना नव्हता, दुपारची टूर मिळाली. एनजीव्ही राहिलं, कारण बाबा स्टँडमधून उठायलाच तयार नव्हते. १९८१ चं विचारलं. पाचवीच्या वर्गातल्या मुलासारखे हात हलवत त्यांनी कपिलचं एकेक षटक सांगितलं, शेजारी आई खजूर खात ऐकत होती. मग गप्प झाले आणि खेळपट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "आपला अजिंक्य इथे उभा होता."

यारा_काठची, लायब्ररीत आई वीस मिनिटं डोळे मिटून बसली होती. डोनट तिने उपास सोडल्यावर रात्री खाल्ला. गार झाला होता, तरी आवडला.