फ्रोमचा नाण्यांचा हंडा: शोधणाऱ्याला बाजारभाव द्यावा का?

केदार: एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडातल्या फ्रोमजवळ एका शेतात डेव्ह क्रिस्प मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. खणताना मडकं आणि रोमन नाणी लागली. त्यांनी तिथेच हात थांबवला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. निघाली ५२,५०३ नाणी, १६० किलो! २०११ मध्ये सॉमरसेटच्या संग्रहालयाने ती ३,२०,२५० पौंडांना घेतली. पैसे शोधणारा आणि जमीनमालक यांना मिळाले. माझ्या मते यातला एकेक पौंड सत्कारणी लागला.

मृण्मयी: अजिबात पटलं नाही. वारसा सगळ्यांचा, मग लोकांच्याच पैशाने तो विकत का घ्यायचा? मी उत्खननावर काम केलंय. चोरखड्डा पडलेल्या जागी काळी माती, राख, खापरं सगळं कालवलेलं असतं. नाणं हाती येतं, पण ते कशाशेजारी होतं हे कायमचं जातं. नाण्याला भाव फुटला की असे खड्डे वाढणारच.

केदार: थरांसाठीच तर म्हणतोय. हे मडकं थराथराने रिकामं केलं, म्हणून कळलं की सगळ्यांत नवी, म्हणजे रोमन ब्रिटनचा बंडखोर सम्राट कॅरॉशियस याची नाणी बहुतेक खालच्या अर्ध्यात होती. हळूहळू साठवली असती तर नवी नाणी वर असती. म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी नव्हे, सगळं एकदमच ओतलेलं. शिवाय मडकं इतकं पातळ की भरल्यावर उचललंच गेलं नसतं. आधी पुरलं, मग भरलं. म्हणून ही देवाला वाहिलेली नाणी असावीत, असं अभ्यासक मांडतात. क्रिस्पनी ती गोणीत भरून घरी नेली असती तर?

शेतकरीपुत्र: आपल्याकडचा १८७८ चा कायदा बघा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. सरकारने ठेवून घेतलं तर मोबदला धातूच्या किमतीवर, वर एक पंचमांश. सातवाहनांची शिशाची नाणी सापडली तर हाती काय येणार? शिशाचा भाव! त्यात पंचनामे, चौकशा आणि पेरणी खोळंबलेली. कोण कळवेल?

मृण्मयी: शिशाचा भाव हा अन्यायच, मान्य. पण मोबदला हात थांबवल्याबद्दल असावा, नाण्यांच्या बाजारभावावर नको. क्रिस्पना मीही दिला असता. उकरून आणणाऱ्याला दमडीही नको.

केदार: इंग्लंडात नियम मोडून खणणाऱ्याचं बक्षीस कापता येतं, पूर्ण नाकारताही येतं. बाजारभाव मात्र हवाच. नाहीतर चोरबाजार जास्त देतो आणि हंडा तिकडे जातो.