मॅटपेक्षा मनगटाकडे बघा

वर कोणीतरी लिहिलंय की वॉर्म-अप नीट झाला आणि मॅट जाड असली की जिम्नॅस्टिक्समध्ये दुखापतीची भीती नाही. अर्धंच पटलं. बऱ्याच दुखापती एका पडण्यातून होत नाहीत, साचत जातात. हँडस्प्रिंगला, म्हणजे हात टेकून अंग उलटवत मारायच्या उडीला, तळहात जवळजवळ काटकोनात मागे वाकतो आणि अख्ख्या अंगाचा भार मनगटावर येतो, तोही एकाच सरावात कितीदा तरी. वाढत्या वयात तिथल्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची वाढ-पट्टी असते, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग. ती दुखावली की अंगठ्याच्या बाजूला ठणकतं. मूल तळहाताऐवजी मूठ टेकायला लागलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. क्रेप बँडेज बांधून पुढे रेटू नका. हातांवरचा भार थांबवा, डॉक्टरांना दाखवा. तोवर पोटाचे, पायांचे व्यायाम करता येतात.

लँडिंगला गुडघे आत वळतायत का, तेही बघा. आणि साहित्य मोजून घ्या, हसू नका! २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मुलींचा व्हॉल्ट (हात टेकून ज्यावरून उडी मारतात ते साहित्य) चक्क ५ सेंटिमीटर खाली लावला होता. कितीतरी जणींच्या उड्या होऊन गेल्यावर एका खेळाडूच्याच ते लक्षात आलं.