मदत हवी आहे: न पडतासुद्धा मांडीचं हाड मोडू शकतं का?

प्रश्न आईबद्दल आहे, वय 76. मागचं सगळं सांगते, जरा लांबेल.

58व्या वर्षी चालता चालता पाय अडकून पडली. हात पुढे टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, विषय संपला. 'पडल्यावर मोडणारच' असं सगळे म्हणाले. उभ्या-उभ्या पडून हाड मोडलं तर ते आधीच ठिसूळ झालंय का हे बघायला हवं, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

67व्या वर्षी खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तर पाठीचा एक मणका चेपलेला निघाला. कधी चेपला, तिला पत्ताच नाही. मणक्यांची बरीचशी फ्रॅक्चर्स अशीच गुपचूप होऊन जातात म्हणे. दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं तर उंची 4 सेंमीने कमी भरली. कपाटाच्या वरच्या फळीला हात पोचत नाही असं ती दोन वर्षं सांगत होती, आणि आम्ही काय केलं, तर तिला स्टूल आणून दिलं! आता आठवलं की अंगावर काटा येतो.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे 3.1 आला (उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार). तेव्हापासून आठवड्याला एक अलेन्ड्रोनेटची (हाडांची झीज रोखणारी) गोळी. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तिने एकदाही चुकवलेली नाही. नववं वर्ष चालू आहे. मध्ये एकदा धडपडली तेव्हा नुसतं खरचटण्यावर निभावलं, म्हणजे गोळीने काम केलं असावं.

माझी सगळी भीती खुब्याची होती. पन्नाशी-साठीत माणूस पडताना हात पुढे करतो, म्हणून मनगट जातं. सत्तरीनंतर तेवढी चपळाई राहत नाही, हात पुढे यायच्या आत माणूस कुशीवर आदळतो आणि खुबा मोडतो. म्हणून रात्रीचा दिवा, बाथरूममध्ये धरायला दांडी, सुटे गालिचे बाहेर, सगळं केलं.

आणि आता दोन महिने उजव्या मांडीत ठणका आहे, साधारण मधोमध, बाहेरच्या अंगाला. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा देते, पहिली चार पावलं लंगडते, मग चालते. कुठे पडलेली नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, कमरेत शीर दबली असेल. एक्स-रे कमरेचा काढला, मांडीचा नाही.

ही गोळी बरीच वर्षं घेतलेल्यांत क्वचित मांडीचं हाड न पडताच मोडतं, असं वाचलं आणि झोप उडाली. मांडीचा एक्स-रे मागणं म्हणजे माझा आगाऊपणा होईल का? आणि या रविवारची गोळी द्यायची की नाही?

प्रतिसाद 1
मी ऑर्थोपेडिक आहे. आगाऊपणा अजिबात नाही. दोन्ही मांड्यांचा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत एक्स-रे मागा. दुसरा पाय दुखत नसला तरी, कारण हे अनेकदा दोन्हीकडे असतं. बाहेरच्या बाजूला हाडाचं कवच जाड झालेलं किंवा चोचीसारखं वर आलेलं दिसतं का, ते बघतात. एक्स-रे साफ आला आणि दुखणं राहिलं तर एमआरआय. तोवर फेऱ्या बंद, वॉकर द्या, त्या पायावर भार कमी.

गोळीचं म्हणाल तर तिच्यामुळे टळणारी फ्रॅक्चर्स या दुर्मीळ प्रकारापेक्षा कितीतरी जास्त असतात. पण साधारण 5 वर्षांनी 'पुढे चालू ठेवायची का' याचा फेरविचार व्हायला हवा होता. तिचा अंश हाडात बराच काळ टिकतो, त्यामुळे एक्स-रे होईपर्यंत रविवारची गोळी लांबवली तरी बिघडत नाही. तुमच्या डॉक्टरांना कळवा मात्र.

प्रतिसाद 2
कुणी हे वाचून डेनोसुमॅबचं (हेही ठिसूळ हाडांसाठीच देतात) सहामाही इंजेक्शन परस्पर बंद करू नका. ते औषध वेगळं. लांबवलं की हाडांची झीज उसळी मारते आणि एकामागून एक मणके चेपू शकतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उद्या सकाळी दोन्ही मांड्यांचा एक्स-रे. आई म्हणते, "डावी दुखत नाही, तिचा कशाला?" तिला प्रतिसाद 1 वाचून दाखवला. वॉकरवरून मात्र अजून भांडण चालू आहे.