मदत हवी आहे : दहावीच्या भूमितीचा सराव घरी कसा करून घ्यावा?

माझी मुलगी यंदा राज्य मंडळाची दहावीची परीक्षा देत आहे. गणित भाग 2, म्हणजे भूमितीच्या 40 गुणांच्या पेपरला दोन तास मिळतात. तिला प्रमेये नीट येतात, परंतु समोर घड्याळ ठेवले की तिचा हात अडतो. गेल्या रविवारी रचनेच्या प्रश्नात कंपासमधली पेन्सिल सरकली, तेव्हा तिने एकच वर्तुळ चार वेळा खोडले आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले.

दर रविवारी सकाळी अकराला, म्हणजे परीक्षेच्याच वेळी, आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो आणि रात्री दहाला झोपण्याचा नियमही केला आहे. त्याने झोप सुधारली, वेग मात्र तेवढाच आहे. शिक्षकांनी सराव वाढवण्यास सांगितले. घर एका खोलीचे असून आजी आजारी असल्यामुळे पूर्ण शांतता शक्य नाही, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर नवी शिकवणी लावून तिच्यावर आणखी भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : सरावाच्या वेळी पालकांनी शेजारी बसून वेळेची आठवण देत राहावे, की आधी घड्याळ बाजूला ठेवून प्रत्येक प्रश्नाची मिनिटे हळूहळू कमी करत न्यावीत?