मदत हवी आहे : मागून टेम्पोची धडक, उशिरा सुरू झालेले मानेचे दुखणे आणि तडजोडीचा कागद

नमस्कार.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मुंबई-बंगळूर महामार्गावर पुण्यात वारज्याच्या अलीकडे पुढची वाहने थांबत आली, म्हणून मी गाडीचा वेग कमी केला आणि त्याच वेळी मागून आलेल्या मालवाहू टेम्पोने आमच्या गाडीला धडक दिली. गाडी मी चालवत होते, मागच्या सीटवर माझी ६७ वर्षांची आई होती आणि आम्ही दोघींनीही सीटबेल्ट लावलेला होता. डिकी चेपली, मागची काच फुटली, पण कोणाला जखम झालेली दिसली नाही. मी ११२ वर कळवले. टेम्पोचा क्रमांक, चालकाचा परवाना आणि विम्याचा कागद यांचे फोटो घेतले. पोलिसांनी जागेवर नोंद घेतली, मात्र ठाण्यात गेल्यावर ‘कोणी जखमी नाही, तर विम्यातून दुरुस्ती करून घ्या’ असे सांगण्यात आले आणि गुन्हा दाखल झाला नाही.

सोमवारी सकाळपासून माझी मान आखडली आहे, डोक्याचा मागचा भाग दुखतो आणि उजव्या हाताच्या बोटांना अधूनमधून मुंग्या येतात. आईच्या मते तिला काहीही झालेले नाही, नुसते अंग ठणकते आहे. परंतु धडकेच्या वेळी तिचे डोके बाजूच्या काचेवर आपटले होते आणि हृदयाच्या ठोक्यांच्या त्रासासाठी ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, त्यामुळे मला तिची काळजी अधिक वाटते.

दरम्यान टेम्पोमालक २५ हजार रुपये रोख द्यायला तयार आहेत. त्या बदल्यात ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘आमची कोणतीही तक्रार नाही आणि यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असे मी आणि आईने लिहून द्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. मी अचानक ब्रेक मारला, म्हणजे चूक निम्मी माझीच, हेही ते वारंवार ऐकवतात. मी अजून सही केलेली नाही. आधी कोणत्या तपासण्या कराव्यात, आता उशिरा पोलिसांकडे गेल्यास उपयोग होईल का आणि हा कागद नाकारल्यास पुढचा मार्ग कोणता, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (अस्थिरोगतज्ज्ञ)

ताई, आधी आईंना आजच रुग्णालयात न्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलेला किरकोळ मारही किरकोळ समजायचा नसतो, कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश वाढतो आणि पहिले काही दिवस रुग्ण नेहमीसारखा बोलतो-चालतो. गोळीचे नाव आणि मात्रा डॉक्टरांना सांगा. डोक्याचे सीटी स्कॅन करायचे का, ते त्यावरून ठरेल. मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तसेच ६५ वर्षांवरील व्यक्तीच्या मानेला इजा झाल्याची शंका असेल, तर दुखणे कमी असले तरी मानेचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून घ्यावा, असा सर्वमान्य निकष आहे.

तुमच्या बाबतीत, मागून धक्का बसल्यावर धड सीटबरोबर पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग झटक्याने पुढे येते. त्यात मानेचे स्नायू आणि अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे) ताणले जातात. दुखणे एक-दोन दिवसांनी सुरू होणे हे या दुखापतीत नेहमीचेच आहे, त्यामुळे ‘त्या दिवशी तर काही नव्हते’ या युक्तिवादाला वैद्यकीय आधार नाही. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, ताणलेले स्नायू दिसत नाहीत. म्हणून एक्स-रे निर्दोष आला तरी दुखणे खोटे ठरत नाही. बोटांना मुंग्या येत असल्याने मज्जातंतूंची तपासणी आवश्यक आहे आणि त्यात हाताची ताकद कमी आढळली, तर एमआरआय करावा लागेल. पकड सुटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा जाणे, एक वस्तू दोन दिसणे, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा उलट्या यांपैकी काहीही जाणवले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठा.

हाड मोडलेले नाही हे निश्चित झाल्यावर मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे लावून बसू नये. आपल्याकडे पट्टा हाच उपचार समजला जातो, पण त्याने स्नायू दुबळे होतात आणि आखडणे लांबते. वेदनाशामक औषध घेऊन लवकर, हळूहळू हालचाल सुरू केलेली बरी. आईंना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेनसारखी गोळी देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि केसपेपरवर ‘मानदुखी’ एवढेच लिहून घेऊ नका. रस्ते अपघात, मागून धडक, तारीख, डोके काचेवर आपटले, लक्षणे केव्हा सुरू झाली, हे सारे त्यात यावे आणि एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करण्याची विनंती करावी.

प्रतिसाद २ (वकील, मोटार अपघात दावे)

त्या कागदावर सही करू नका. २५ हजार रुपये कमी की जास्त, हा प्रश्न नंतरचा आहे. दुखापत किती आहे हेच अजून ठरलेले नसताना दाव्याची किंमत ठरवता येत नाही. टेम्पोची विमा कंपनी पुढे हाच कागद अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणासमोर ठेवते आणि त्याचे स्पष्टीकरण देण्याची वेळ तुमच्यावर येते. मालकांना तडजोड हवी असेल, तर दावा दाखल झाल्यावर ती त्यांच्या विमा कंपनीमार्फत किंवा लोकअदालतीत करता येते आणि त्या वेळी वैद्यकीय कागद समोर असतात.

उशीर झाला म्हणून पोलिसांकडे जाण्याचे टाळू नका. अपघातानंतर माणूस आधी उपचाराकडे धावतो, त्यामुळे केवळ एफआयआर उशिरा झाली म्हणून दावा संशयास्पद ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. रुग्णालयाचे कागद घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दखल घेतली गेली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठांकडे टपालाने तक्रार पाठवता येते. निष्काळजीपणे वाहन चालवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये, तर त्यामुळे झालेली दुखापत कलम १२५ मध्ये येते. येथे एक बारकावा आहे. हाड मोडलेले नसले तरी १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तर कायद्याच्या दृष्टीने ती गंभीर दुखापत असते (जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती). म्हणून प्रत्येक फेरतपासणीची नोंद आणि रजेचा दाखला जपून ठेवा.

नुकसानभरपाईचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. अपघात जेथे झाला तेथे, तुम्ही जेथे राहता तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे तो दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. गंभीर दुखापत असल्यास चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली २.५ लाख रुपये मागण्याचाही पर्याय आहे.

‘अचानक ब्रेक’ हा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर राखणे ही मागच्या चालकाची जबाबदारी असली, तरी महामार्गावर इशारा न देता एकाएकी थांबलेल्या मोटारीच्या चालकावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ५० टक्के जबाबदारी टाकली होती. तुमच्यापुढे वाहनांची रांग होती, हा फरक निर्णायक आहे आणि तो पुराव्याने दाखवावा लागेल. आईंचा दावा तर पूर्णपणे वेगळा आहे. त्या प्रवासी होत्या. वादासाठी थोडी चूक तुमची धरली, तरी त्यांना पूर्ण भरपाई टेम्पोच्या बाजूकडून मागता येते. म्हणून दोघींचे अर्ज स्वतंत्र असावेत.

आपल्या विमा कंपनीलाही लगेच कळवा. गाडीची दुरुस्ती स्वतःच्या पॉलिसीतून केल्यास नो क्लेम बोनस जाईल, पण न्यायाधिकरणाच्या निकालापर्यंत गाडी तशीच ठेवणे कोणालाच परवडत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईला घेऊन आता निघतेच आहे. आणखी दोन शंका आहेत. रुग्णालयाचे बिल आरोग्य विम्यातून भरले, तर तेवढी रक्कम दाव्यातून वजा होते का? गाडीत डॅशकॅम आहे आणि त्यात पुढची रांग दिसते. ती चित्रफीत व्हॉट्सॲपवर पोलिसांना पाठवली तर चालेल का?

प्रतिसाद ३ (वकील, मोटार अपघात दावे)

वजा होत नाही. मेडिक्लेमची रक्कम हे तुम्ही स्वतः हप्ते भरून मिळवलेले संरक्षण आहे, ती वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून कापता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिले विमा कंपनीकडे द्यावी लागतात, तेव्हा त्यांच्या साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा.

चित्रफीत व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही, पण तेथे ती दाबून लहान केली जाते, त्यामुळे मूळ पुरावा म्हणून तीवर विसंबू नका. मेमरी कार्ड आजच बाहेर काढा, नाहीतर पुढच्या चित्रीकरणाखाली ते प्रसंग पुसले जातील. न्यायाधिकरणात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याचा मसुदा वकील करून देतील. वकिलाच्या शुल्काची अडचण असेल, तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, म्हणजे तुम्ही आणि आई दोघीही त्याला पात्र आहात.